खाडीत पायलिंगला उतरण्याआधी

कांदळवनातून खांबांवरचा रस्ता न्यायचा तर खाडीत पायलिंग, म्हणजे खांबांच्या पायासाठी खोल भोकं पाडून काँक्रीट भरणं, आलंच. परवानग्यांवर फार लिहीत नाही. त्या हातात नसतील तर साइटवर यंत्र आणूच नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीही कांदळवन तोडायला न्यायालयाची मंजुरी लागते, आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही त्यात येतो. हा पट्टा जागेवर खुंट्या मारून, दोरी बांधून दाखवा. डंपरवाला नकाशा बघत नाही.

खरी तयारी तात्पुरत्या रस्त्याची. मुख्य रस्ता खांबांवरून जातो म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण पायलिंगची रिग, म्हणजे भोकं पाडणारं अवजड यंत्र, खाडीत न्यायला मुरुमाचा भराव पडतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मागच्या कामात आम्ही या भरावाखाली पाईप टाकलेच नाहीत. काही महिन्यांचा तर प्रश्न, असं म्हणून. उधाणाचं पाणी भरावावरून आत चढलं, ते ओहोटीला बाहेर पडेना. तिवराची, म्हणजे इथल्या कांदळवनातल्या झाडाची, श्वसनमुळं, चिखलातून वर आलेली ती बोटाएवढी टोकं, पाण्याखालीच राहिली. आधी पानं पिवळी पडली, मग गळाली, आणि आतल्या अंगाची झाडं उभ्याउभ्या वाळली. एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नव्हती.

तेव्हा भरावाआधी पाईप. खाडीचा प्रत्येक फाटा, हातभर रुंदीचासुद्धा, ओहोटीला चालत जाऊन बघा. गावातला जाणता कोळी सोबत घ्या, कारण झाडोऱ्याखालचे फाटे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाहीत. प्रत्येक फाट्याला पाईप, आणि पाईपचा तळ फाट्याच्या तळाला. वर बसवलात तर तेवढं पाणी आत तुंबणारच.

पातळ्या जुळवताना सांभाळा. भरती-ओहोटीच्या तक्त्यातले आकडे सागरी नकाशाच्या शून्य पातळीवरून असतात, रस्त्याच्या ड्रॉइंगवरचे सरासरी समुद्रसपाटीवरून. मुंबईत दोहोंत जवळपास अडीच मीटरचा फरक आहे: तक्त्यात साडेचार मीटरची भरती म्हणजे ड्रॉइंगवर दोन मीटर. साइट ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर पाईपांची तोंडं बघाच. प्लास्टिक नि फांद्या अडकल्या की पाईप असून नसल्यासारखा.

बेंटोनाइटचा, म्हणजे पायलिंगच्या भोकात भरतात त्या चिकणमातीचा, गाळ टाकीत आणि टँकरने बाहेर. खाडीत एक बादलीही नाही, श्वसनमुळांवर थर बसतो. डिझेल लांब भरा. होड्यांची वाट कधी बंद राहणार ते कोळीवाड्यात आधी जाऊन सांगा.

भराव काढण्याचा खर्च निविदेत वेगळी बाब म्हणून घाला. नाहीतर ठेकेदार यंत्रं उचलून जातो आणि तात्पुरता रस्ता कायमचा होतो. काढायचा म्हणजे मूळ चिखलाच्या पातळीपर्यंत. वरवर खरवडून फूट-दोन फूट मुरूम मागे ठेवलात तर पुन्हा तेच, पाणी तुंबणार. खाली जिओटेक्सटाईल (जाड कृत्रिम कापड) अंथरलं असेल तर मुरूम स्वच्छ निघतो. पावसाआधी काढा. तिवराची बी पावसाळ्यात गळते, भरतीबरोबर पसरते. जागा मोकळी असली तर ती आपणहून रुजते.

बाधित कांदळवनाच्या बदल्यातली लागवड २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे त्याच्या किमान तिप्पट क्षेत्रावर. उघड्या चिखलपट्ट्यांवर नको, तिथे पक्षी चरतात. फोटो, नोंदी, अहवाल नेहमीप्रमाणे. पाईपांची ऑर्डर मात्र मुरुमाच्या आधी गेली पाहिजे.