उजनीच्या सवयी समुद्रात नकोत : शिडाच्या बोटीच्या या चुका टाळा

सोलापुरात राहतो आणि शिडाची बोट रत्नागिरीला ठेवतो म्हटलं की लोक हसतात. हसू देत. मला राग येतो तो उजनी धरणाच्या गोड्या पाण्यात दोन हंगाम काढून थेट समुद्रात उतरणाऱ्या पोरांचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं हे यांच्या गावीही नसतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक पितळेची. आमच्या सुकाणूचं बिजागर सैल झालं होतं. भागीदारानं सोलापूरहून येताना पितळी बोल्ट आणले. मी नको म्हटलं, तर म्हणतो, "पितळ गंजत नाही बे, देवघरातली समई बघ की." समई तेलात असते, खाऱ्या पाण्यात नाही. पण मीही कंटाळलो होतो, बसवू दिले. पुढच्या पावसाळ्याआधी बोट वर काढली, पान्याला जरा जोर दिला आणि बोल्टचं डोकंच हातात आलं. आतून घासलेल्या तांब्यासारखा गुलाबी, नख लावलं की भुकटी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारं पाणी जस्त काढून नेतं, मागं तांब्याची चाळण उरते. वरून बोल्ट मात्र जसाच्या तसा. त्याच बोल्टावर आम्ही आदल्या आठवड्यात भाट्याच्या खाडीतून बाहेर जाऊन आलो होतो. शेजारच्या तांडेलांनी तो हातात फिरवला आणि म्हणाले, "हा आता देवापुढंच ठेवा."

पाण्याखाली मी गनमेटलच वापरतो, म्हणजे तांबं आणि कथलाचा मिश्रधातू. पाण्यावर एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, पण ३१६ ग्रेडचं. दुकानदार चुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे अस्सल" म्हणतो, त्याला भुलू नका. स्वस्तातलं ३०४ पण चिकटत नाही. बिल करताना ग्रेड लिहून घ्या.

दुसरं, बोटीच्या तळाशी धातूला जोडलेल्या झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, वडीला रंग फासणं. तळ रंगवताना हात थांबत नाही यांचा! ती वडी झिजायलाच लावलेली असते, ती झिजते म्हणून बाकीचा धातू वाचतो. "वर्षात जराही झिजली नाही" असं कुणी खुशीत सांगितलं की मी आधी रंग बघतो, मग वडीचा धातूशी संपर्क आहे का ते. अर्धी झिजली की बदलायची, संपायची वाट बघायची नाही.

ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत एसएसचा स्क्रू कोरडा पिळू नका, ग्रीस लावा. ओलं शीड घडी करून ठेवू नका. वायर पिळून काळी टेप गुंडाळणाऱ्याला तर बोटीवर घेऊच नका.

आणि धुणं. वाळलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून कप्प्या आणि दोर प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुवायचे. मागचं इंजिनही गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवायचं. आमचा भागीदार अजूनही "सोलापूरची एसटी चुकेल" म्हणून घाई करतो. गेल्या खेपेला खरंच चुकली. रात्र स्टँडवर काढली, इंजिन मात्र धुतलेलं होतं.