कार्टून सिरीजमध्ये राजकारण घुसवायचंय? मग आधी सोसायटीची मीटिंग लिहा

यूट्यूबवर स्वतःची विनोदी अ‍ॅनिमेशन सिरीज चालू केली की तिसऱ्या-चौथ्या एपिसोडला प्रत्येकाचे हात शिवशिवतात, आता जरा राजकारण टाकू. टाका की. पण नेत्याचं डोकं मोठं काढलं, तोंडात त्याचाच डायलॉग कोंबला आणि झाला विनोद, असं होत नाही हो. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं, एक खुर्ची, तीन नेते आणि मागे "मी पुन्हा येईन". व्ह्यूज आले दोनशेच्या आसपास, त्यातले निम्मे नातेवाईक.

आता मी नेता काढतच नाही. नेत्यांची भानगड उचलायची आणि आपल्या पात्रांच्या घरात नेऊन ठेवायची. माझ्या सिरीजमध्ये एक हाउसिंग सोसायटी आहे, चेअरमन, सेक्रेटरी, मेंटेनन्स न भरणारे काका, सगळे आहेत. जून २०२२ चं उदाहरण घ्या. आमदार आधी सुरतेला मग गुवाहाटीच्या हॉटेलात, तिथून शहाजीबापू पाटलांचा तो फोन, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, आणि मग विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर दिलेली पन्नास खोक्यांची घोषणा. हे जसंच्या तसं रीलवाल्यांनी इतक्यांदा केलंय की आता ओठसुद्धा हलत नाहीत. त्यापेक्षा कमिटीचे सात मेंबर निवडणुकीच्या आदल्या रात्री गायब करा, फोन स्विच ऑफ, बायका गेटवर वॉचमनला धारेवर धरतायत, आणि सातही जण सेक्रेटरीच्या साडूच्या लोणावळ्यातल्या बंगल्यावर कांदाभजी खातायत, त्यातला एक बायकोला हळूच फोन करून सांगतोय, "अगं, धुकं बघायला पाहिजे होतंस." बास. झाडी-डोंगार हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. ज्याला कळलं तो खूश, आणि ज्याला नाही कळलं त्यालाही सात मोठी माणसं भज्यांसाठी फितूर झालेली बघून हसू येतंच. संदर्भ काढून टाकला तरी सीन उभा राहत असेल तर ठेवा, पडत असेल तर तो सीन नव्हताच, नुसती बातमी होती.

दुसरं, संदर्भ लोकांच्या आठवणीला द्यायचा असतो, गॅझेटला नाही. २३ नोव्हेंबर २०१९ चा शपथविधी खरं तर सकाळी आठच्या सुमाराचा, पण अख्खा महाराष्ट्र त्याला पहाटेचा म्हणतो. तर बॅकग्राउंड काढताना ऊन काढू नका, अंधार काढा, दूधवाला येतोय आणि चेअरमन इस्त्रीचा झब्बा घालून दबक्या पावलांनी जिना उतरतोय, एवढ्यावर लोकांना कळतं. पावसाचंही तसंच. ऑक्टोबर २०१९ च्या साताऱ्याच्या सभेनंतर कुठलाही म्हातारा माणूस माइकसमोर भिजताना दाखवला की आपल्याकडे एकच नाव आठवतं, नाव लिहायची गरजच नाही.

आता सगळ्यात मोठी गोची, वेळ. हाताने काढत असाल तर सेकंदाला बारा चित्रं धरली तरी तीन मिनिटांना २१६० होतात, आणि कटआउट पपेट (हात-पाय-डोकं सुटे काढून जोडलेली, फक्त हलवायची बाहुली) वापरून कितीही शॉर्टकट मारले तरी एकट्या माणसाचे दोन-तीन आठवडे जातातच. तेवढ्यात राज्यात सरकार बदलतं. अतिशयोक्ती नाही ही, त्या पहाटेनंतर तीन दिवसांत राजीनामे आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर तिसऱ्याच माणसाची शपथ. साउथ पार्क या अमेरिकन कार्टून सिरीजवाले तर एपिसोड आठवड्याभरात बनवतात, तरी २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीला त्यांनी क्लिंटन जिंकणार असं धरून लिहिलं होतं आणि निकाल उलटा लागल्यावर दुसऱ्या दिवशीच्या एपिसोडसाठी रातोरात सगळं बदलावं लागलं. त्यांच्याकडे टीम आहे, आपल्याकडे मी आणि माझा गरम होणारा लॅपटॉप. म्हणून निकालावर पैज लावायची नाही, खोडीवर लावायची. आणि एक जुगाड, ताजी बातमी कायम टीव्हीच्या आवाजात किंवा पेपरच्या हेडलाइनमध्ये ठेवा, टीव्ही पाठमोरा, हेडलाइन वेगळ्या लेयरवर, म्हणजे अपलोडच्या आदल्या रात्री ओठ न बदलता वाक्य बदलता येतं. पक्षाची चिन्हंही जपून वापरा. घड्याळ, धनुष्यबाण कुणाचं हे मधल्या काळात इतकं हललंय की भिंतीवरच्या एका घड्याळावरून कमेंटमध्ये मारामारी होते (कधीकधी मुद्दाम टांगतो मी, ते सोडा).

पात्रं आधी मुरू द्या पण. रशियातली मस्यान्या बघा, ओलेग कुवाएवची, २००१ पासून चाललेली सिरीज, सेंट पीटर्सबर्गमधली एक चिडखोर बाई आणि तिची घरची कटकट. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेन युद्धावर एपिसोड आला, त्यात ती थेट पुतिनसमोर जाऊन जपानी सुरा ठेवते, म्हणजे आता तूच स्वतःला संपव असा इशारा. रशियात सिरीजची साइट ब्लॉक झाली. तो सीन एवढा लागला कारण वीस वर्षं ती बाई लोकांच्या घरातलीच झाली होती. पहिल्याच एपिसोडला कुणी असं केलं असतं तर नुसतं पोस्टर झालं असतं.

कायद्याचं थोडक्यात, मी वकील नाही. २०१२ मध्ये असीम त्रिवेदीला व्यंगचित्रांवरून मुंबईत अटक झाली होती, ऑनलाइन मजकुरावरून अटक करता येणारं आयटी कायद्याचं ६६अ कलम २०१५ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, पण बदनामीचं कलम आहेच, आता न्याय संहितेत ३५६. त्यामुळे खरं नाव घेऊन "याने एवढे खाल्ले" असं पात्राच्या तोंडी घालू नका, लिफ्टमध्ये अडकलेला आंब्याचा खोका पुरतो. जात-धर्म नको. नेत्याचा आवाज एआयने बनवू नका, मिमिक्री करणारा एखादा मित्र असतोच, त्याला चहा पाजा. न्यूज चॅनेलची क्लिप तर नकोच, कॉपीराइटचा क्लेम आला की झालं.

थंबनेलवर कुणाचाही चेहरा नको आणि टायटलमध्ये कुणाचं नाव नको, लोकांना शोधू द्या. त्या भज्यांच्या एपिसोडला मी नुसतं "लोणावळा" एवढंच नाव दिलं होतं. पहिली कमेंट आली, "हाटील कुठलं?"