कॉन्व्हेंटमध्ये घालताय? मग एवढं बघून घ्या

अ‍ॅडमिशनचा सीझन आला की सगळ्यांचा एकच प्रश्न, कुठलं कॉन्व्हेंट चांगलं? अहो, आधी ती शाळा कॅथलिक आहे का ते तर बघा, नावापुढे सेंट लावायला काय लागतं, आणि बॉम्बे स्कॉटिश किंवा कॅथेड्रल ख्रिश्चन असल्या तरी कॅथलिक नाहीत. चालवतं कोण ते विचारा. मुंबईत धोबी तलावचं सेंट झेवियर्स (1869 चं) जेझुइट फादरांचं, डॉन बॉस्को सेल्शियन फादरांचं (दोन्ही कॅथलिक संघ), बाकी बऱ्याच पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या, नाहीतर सिस्टरांच्या.

मग बघा अनुदानित आहे की नाही. यूडायस प्लस या सरकारी साइटवर शाळा शोधली की मॅनेजमेंटच्या रकान्यात ते दिसतं. अनुदानित असेल तर टीचरचा पगार सरकार देतं, फी आवाक्यात राहते, म्हणून धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी आणि डॉक्टरची मुलगी एकाच बाकावर बसू शकतात, माझ्या मते या शाळांचा खरा उपयोग हाच, बाकी इंग्लिश काय कुठेही शिकवतात. आता काही ठिकाणी एकाच कंपाउंडमध्ये दोन बोर्ड असतात, माझगावच्या सेंट मेरीजमध्ये एसएससी पण आहे आणि आयसीएसई पण, तेव्हा फॉर्म कुठल्या सेक्शनचा ते नीट बघा. एसएससीच्या पहिलीच्या तुकड्या किती राहिल्यात तेही विचारा, पट घसरला की संच मान्यतेत (सरकार पटावरून शिक्षकांची पदं ठरवतं त्यात) शिक्षकांची पदं जातात, मग पालक अजून पळतात. वसईकडे चर्चच्या मराठी शाळा आहेत, मराठीतून शिकवायचं असेल तर तिकडे जरूर चौकशी करा.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांच्या) लॉटरीवर मात्र बसू नका. 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना, म्हणजे या कॅथलिक शाळांनाही, तो कायदा लागू नाही. 2025 मध्ये कोर्टाच्याच दुसऱ्या बेंचने त्यावर शंका घेऊन विषय मोठ्या बेंचकडे पाठवायला सांगितलंय, पण त्या भरवशावर यंदाचा फॉर्म सोडू नका. कॅथलिक मुलांना आधी घेतात, बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, त्यात चिडण्यासारखं काही नाही, शाळा मुळात त्यांच्यासाठीच काढलेली.

आणि "धर्म शिकवतील का" ही भीती. कॅटेकिझमच्या (कॅथलिक धर्मशिक्षणाच्या) तासाला बाकीच्या मुलांना सहसा व्हॅल्यू एज्युकेशन असतं, घटनेच्या कलम 28 प्रमाणे तुमच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि 2024 मध्ये कॅथलिक बिशपांच्या संघटनेनेच, बिशप्स कॉन्फरन्सने, शाळांना सांगितलं की इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका, रोज असेंब्लीत संविधानाची उद्देशिका वाचा. ती वाचतात का ते ऑफिसात नका विचारू, गेटवर थांबलेल्या एखाद्या मुलाला विचारा.