कोळी चावला तर काय करावे

जागा साबण-पाण्याने धुवा, हाताला चावला असेल तर अंगठी काढा, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा. चिरा पाडू नका, तोंडाने विष ओढू नका, डाग देऊ नका. असल्या उपायांनी जखम चिघळते.

कोळी हाती लागला तर डबीत घालून न्या, नाहीतर फोटो काढा.

खरी अवघड पायरी पुढची: चावला तो कोळीच होता का? मला ही शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला. सकाळी पायावर लाल, दुखरी पुळी दिसते आणि लोक लगेच म्हणतात, रात्री कोळी चावला. चावताना कोणी कोळी पाहिला नसेल, तर मी ते मान्य करत नाही. अशा पुळीमागे पुष्कळदा जिवाणूंचा संसर्ग असतो. खापर कोळ्यावर फुटते आणि योग्य औषध लांबते. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका घरात सहा महिन्यांत ब्राउन रिक्लूज जातीचे २,०५५ विषारी कोळी पकडले गेले, तरी घरातल्या कुणाला दंश झाल्याचे दिसले नाही. विष जवळपास सगळ्याच कोळ्यांकडे असते, पण पन्नास हजारांहून अधिक जातींपैकी मोजक्याच जाती माणसाला गंभीर इजा करतात.

म्हणून अंदाज बांधू नका, लक्षणे बघा. ब्लॅक विडो किंवा रेडबॅक या कोळ्यांच्या दंशाची खूण जेमतेम दिसते. मग वेदना पसरत जातात, घाम फुटतो, पोटाचे स्नायू कडक होतात. रिक्लूजचा दंश आधी फारसा दुखत नाही, काही तासांनी मधला भाग निळसर पडतो, पुढे काळी खपली धरते. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि वेळ लिहा. पसरते आहे की नाही, ते त्यावरून कळते. रिक्लूजच्या बहुतेक जखमा नुसत्या स्वच्छतेने भरतात, त्यामुळे घाईने कापाकापी करू देऊ नका.

वेदना पसरल्या, उलट्या झाल्या, श्वास अडला, ताप आला किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

पूर्व ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब या कोळ्याच्या बाबतीत मात्र लक्षणांची वाट बघायची नाही. अख्ख्या हाताला किंवा पायाला घट्ट बँडेज गुंडाळा, फळी बांधून तो हलू देऊ नका, रुग्णवाहिका बोलवा. १९८१मध्ये प्रतिविष आल्यापासून या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. हेच बँडेज रेडबॅकच्या दंशावर बांधू नका, दाबाने वेदना वाढतात.

धनुर्वाताची लस कधी घेतली होती, तेही डॉक्टरांना सांगा.