भौतिकशास्त्राच्या पदवीवर्गातल्या मुलींना पाठबळ कसे द्यावे: सुरुवात प्रयोगशाळेपासून

वर्गात मुली मोजक्याच असल्या की विभाग एखादे प्रेरणादायी व्याख्यान ठेवतो. ठेवावे, बिघडत काही नाही. पण स्क्रू ड्रायव्हर कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न व्याख्यानाने सुटत नाही.

म्हणून आधी नुसते पाहा. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात दर दहा मिनिटांनी प्रत्येक टेबलावर उपकरणाला कोणाचा हात लागला आहे, याची कागदावर खूण करा. एका प्रात्यक्षिकात बारा नोंदी होतील. अशी तीन प्रात्यक्षिके घ्या. विद्यार्थ्यांना सांगू नका, नाहीतर त्या दिवसापुरते सगळे शहाण्यासारखे वागतील. पुष्कळदा दिसते ते असे: मुलगा जुळणी करतो, मुलगी रीडिंग उतरवते आणि आलेख काढते, कारण ‘तिचे अक्षर चांगले आहे’. हे कोणी ठरवून करत नाही. पहिल्या पाच मिनिटांत ज्याने उपकरण ओढून घेतले, त्याच्याकडेच ते राहते. जर्नलला गुण दोघांना सारखेच पडतात, त्यामुळे नुकसान लक्षात येते ते थेट प्रकल्पाच्या वेळी.

गट पाडताना ‘प्रत्येक गटात एक मुलगी’ ही वाटणी न्याय्य वाटते, पण तिघांत एकटी पडलेली मुलगी सहज लेखनिक होऊन बसते. दोघींना एका गटात ठेवा. काही गटांत एकही मुलगी नसली तरी चालेल. मात्र आधी मुलींना विचारा.

मग कामे वाटून द्या: एकाने जुळणी, दुसऱ्याने मोजमाप, तिसऱ्याने नोंद आणि आकडेमोड. ही कामे प्रयोगागणिक बदला, प्रयोगाच्या मध्यावर नव्हे. स्पेक्ट्रोमीटरचे, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांचे कोन मोजणाऱ्या उपकरणाचे, उदाहरण घ्या. दुर्बीण समांतर किरणांसाठी जुळवणे आणि प्रिझमचे टेबल समतल करणे, खरे कसब यात आहे. ते उरकल्यावर ‘आता तू व्हर्नियरवरचा आकडा वाच’ म्हटले तर तिच्या वाट्याला फक्त उरलेले काम आले. जुळणी कोणी केली ते नाव जर्नलच्या पहिल्या ओळीत लिहायला लावा आणि तोंडी परीक्षेत जुळणीवरचा प्रश्न ज्याने ती केली नाही त्याला विचारा. नियम सगळ्यांना एकच हवा. फक्त मुलींसाठी काढलेला नियम लगेच ‘सवलत’ ठरतो, आणि टोमणे त्यांनाच ऐकावे लागतात.

पुढची खोड शिक्षकांची. ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेत पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवणाऱ्या उपकरणावर) रेषा दिसत नाही म्हणून मुलगी विचारते. सर येतात, दोन नॉब फिरवतात आणि दहा सेकंदांत निघून जातात. ती एवढेच शिकते की सरांना जमते. हात पाठीमागे बांधा आणि विचारा: तेज वाढवून पाहिलेस? रेषा पडद्याच्या वर किंवा खाली गेली असेल का? ट्रिगर ऑटोवर आहे? तीन मिनिटे लागतील, पण पुढच्या खेपेला ती बोलावणार नाही.

प्रकल्पासाठी ‘आवड असणाऱ्यांनी भेटावे’ अशी सूचना लावली की आधीच धीट असलेलेच येतात. आठवड्याचे तास, कामाचे स्वरूप, अर्जाची शेवटची तारीख लेखी द्या. ‘उत्तम संगणकज्ञान आवश्यक’ असे मोघम लिहू नका. ‘पायथनमध्ये फाइल वाचून आलेख काढता यावा, येत नसल्यास पहिल्या दोन आठवड्यांत शिकवू’ असे लिहा.

शिफारसपत्रात ‘मेहनती, नीटनेटकी, मनमिळाऊ’ हे शब्द आले की थांबा. त्याच गुणांच्या मुलासाठी हेच लिहिले असते का? त्याऐवजी तिने काय केले ते लिहा: कोणती त्रुटी शोधली, कोणते सर्किट स्वतः जोडले.

स्त्री शास्त्रज्ञांची नावे पोस्टरवर टांगण्यापेक्षा समीकरणासोबत फळ्यावर येऊ द्या. मेघनाद साहांचे आयनीभवनाचे समीकरण (तापमान व दाबानुसार किती अणूंचे आयन होतात ते सांगणारे) शिकवताना खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन सांगा. तेच समीकरण वापरून 1925 च्या प्रबंधात तिला दिसले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांच्या आक्षेपामुळे तिने हा निष्कर्ष खरा नसावा असे त्याच प्रबंधात लिहिले. 1929 मध्ये रसेलही त्याच निष्कर्षावर पोहोचले. पॅरिटी (आरशातल्या प्रतिमेतही निसर्गाचे नियम तेच राहतात का, हा प्रश्न) शिकवताना भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांचा कोबाल्ट-60 चा प्रयोग येतोच, तो त्यांच्या नावानिशी येऊ द्या.

अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थिनींसाठी खास परिषदा 2006 पासून भरतात. अशा ठिकाणी पाठवायचे तर दोघींना मिळून पाठवा आणि प्रवासखर्च आधी द्या. नंतर मिळणाऱ्या परताव्याच्या भरवशावर सगळ्यांनाच जाता येत नाही. आणि विभागातल्या महिला कार्यक्रमाच्या खुर्च्या, हार, सूत्रसंचालन हे सारे मुलींच्याच गळ्यात घालू नका. तेवढ्या वेळात वर्गातले मुलगे गणिते सोडवत असतात.

सत्र संपत आले की पुन्हा तीन प्रात्यक्षिकांत खुणांचा कागद भरा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवा. आकडे हलले नसतील तर बहुधा कामांची अदलाबदल कागदावरच राहिलेली असते. जर्नलची पहिली ओळ तपासायला घ्या.