ल्युपिनच्या फुलांचा रंग का फिरतो : कोल्हापूर परिसरासाठी रब्बी पेरणीचा सल्ला

गुलाबी आणि पिवळ्या तुऱ्यांचे बी राखून ठेवले, पुढच्या हंगामात पेरले आणि वाफाभर निळी-जांभळी फुलेच आली, असा अनुभव ल्युपिन हे शेंगवर्गीय शोभेचे फूलझाड लावणाऱ्या अनेकांना येतो व दोष बहुतेक वेळा मातीला किंवा खताला दिला जातो. हायड्रेंजियाचे फूल आम्लधर्मी जमिनीत ॲल्युमिनियम मिळाल्याने निळे होते हे खरे. मात्र ल्युपिनचा रंग जमिनीवर नव्हे, तर बियाण्यावर ठरतो.

बागेतील बहुरंगी ल्युपिन संकरित आहे. इंग्लंडमधील यॉर्कचे माळी जॉर्ज रसेल यांनी दोन दशकांहून अधिक काळ नको त्या रंगाची रोपे उपटून टाकत हे रंग निवडले आणि १९३७ मध्ये ते रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात मांडले. या संकरित ल्युपिनच्या रक्तात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील निळी-जांभळी जात आहे, त्यामुळे मधमाश्यांनी परागसिंचन केलेल्या बियांतून तो मूळ रंग पुन्हा वर येतो. थंड देशांत मूळ झाड काही वर्षांत मरते आणि त्याच जागी पडलेल्या बियांची रोपे वाढतात. पाहणाऱ्याला वाटते की झाडानेच रंग बदलला. तेथे बुंध्याजवळचे कोवळे फुटवे लावून रंग टिकवता येतो. आपल्याकडील उन्हाळ्यात झाड तग धरत नाही, म्हणून आपली सारी भिस्त बियाण्यावरच आहे.

एका तुऱ्यात दिसणारा फरक मात्र निराळा. टेक्सासच्या निळ्या ल्युपिनचे ताजे फूल जवळून पाहिल्यास वरच्या पाकळीवर पांढरा ठिपका दिसतो, आणि काही दिवसांत तोच ठिपका किरमिजी होतो. जुन्या फुलात ताजा पराग उरलेला नसतो, हे मधमाशी त्या रंगावरून ओळखते आणि ताज्या फुलांकडे वळते. तुरा खालून वर फुलत जात असल्याने खाली किरमिजी आणि वर पांढरे ठिपके एकाच वेळी दिसतात. तो रोग समजून फवारणी करू नये.

पेरणी परतीचा पाऊस थांबून वापसा आल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी. पन्हाळा, शाहूवाडी, आजरा, चंदगड भागातील निचऱ्याची तांबडी जमीन या पिकाला मानवते. शिरोळ-हातकणंगलेकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पाने पिवळी पडतात, तेथे कुंडीत लावणेच बरे. बियांचे कवच कठीण असल्याने त्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात आणि सोटमूळ दुखावू नये म्हणून थेट जागेवरच सुमारे ३० सेंटिमीटर अंतराने टोकाव्यात. मुळांवरील गाठींतील जिवाणू नत्र पुरवतात, म्हणून युरिया टाळावा. हरभऱ्याचे जिवाणू संवर्धक मात्र येथे उपयोगी पडत नाही, कारण ल्युपिनचा जिवाणू वेगळा आहे.

बियाणे धरायचे असल्यास हव्या रंगाच्या तुऱ्यांना फूल असतानाच रंगीत दोरा बांधावा, कारण शेंगा धरल्यावर सगळी झाडे सारखीच दिसतात. नको त्या रंगाची झाडे फुलताच, शक्यतो पहिल्याच दिवशी, उपटावीत. हे करताना जीव तुटतो, पण शेजारचे एक निळे झाड सगळे बी बिघडवू शकते. शेंगा वाळल्या की तडकून बिया दूर फेकतात, म्हणून त्या तपकिरी होऊ लागताच सकाळच्या दमटपणात तोडाव्यात. बियांत विषारी अल्कलॉइडे असल्याने त्या जनावरांच्या वैरणीत व मुलांच्या हाती जाऊ देऊ नयेत. इतके करूनही काही रोपे निळी निघतीलच, तेव्हा विक्रीच्या पुडीवर एका रंगाचे नाव न घालता ‘मिश्र रंग’ असेच लिहावे.