पहिल्या विमानप्रवासाची धास्ती : घरापासून धावपट्टीपर्यंत ती कशी हाताळावी

खान्देशातल्या माणसाला प्रवास नवा नाही. भुसावळसारखे मोठे जंक्शन हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मुंबई, सुरत आणि नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा अनेकांना तोंडपाठ असतात, आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट एसटीत उभ्याने चढलेली माणसे घरोघरी भेटतात. तरीही पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरी करणारा मुलगा विमानाचे तिकीट काढून पाठवतो, तेव्हा याच माणसांची झोप उडते. माझ्या आईचे तसेच झाले. तिकीट आल्या दिवसापासून ती "माले भ्याव वाटस" म्हणत राहिली आणि घरातले सगळे "काही होत नाही" असे तिला समजावत राहिले. त्या समजुतीचा काही उपयोग झाला नाही. विमानात कोणत्या क्षणी कसला आवाज येईल आणि अंगाला काय जाणवेल, हे तिला शेजारी बसून क्रमाने सांगितले तेव्हा मात्र ती प्रश्न विचारू लागली, आणि प्रश्न विचारणाऱ्या माणसाची भीती अर्धी उतरलेली असते, असे मला तेव्हा दिसले. म्हणून येथे तोच क्रम ठेवला आहे.

तयारी तिकिटापासूनच सुरू होते. निवड हातात असेल तर पहिल्या प्रवासासाठी सकाळचे विमान घ्यावे, विशेषतः मार्च ते जून या महिन्यांत. उन्हाळ्याच्या दुपारी आपल्याकडे शेतात वावटळ उठते तिचे कारण सर्वांना ठाऊक आहे : नांगरून ठेवलेली काळी जमीन भट्टीसारखी तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर चढते आणि बाजूची हवा तिची जागा घ्यायला धावते. हेच वर चढणारे गरम प्रवाह ओलांडताना विमानाला हादरे बसतात. सकाळी जमीन तापलेली नसल्यामुळे हवा बहुधा शांत असते.

आसन पंखांच्या जवळचे मागावे, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. शेपटीकडे ते अधिक जाणवतात. खिडकी की कडेची जागा, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे. बाहेर पाहिल्याने काहींचा जीव थाऱ्यावर येतो, तर काहींना उंची पाहून गरगरते. जळगावहून प्रवास असेल तर विमान बहुधा एटीआर ७२ जातीचे, सुमारे ७० आसनांचे असते. त्याचे पंख छताच्या बाजूला असतात, बाहेर दोन मोठे पंखे फिरताना दिसतात आणि चढण्याची शिडी मागच्या दारातच असते. लहान विमान म्हणजे जुने किंवा कमी सुरक्षित, असा समज अनेकांचा असतो व तो चुकीचा आहे. कमी अंतराच्या मार्गांवर आणि आखूड धावपट्ट्यांवर असे पंख्याचे इंजिन काटकसरीचे पडते, म्हणून ते वापरतात. त्याची घरघर मात्र मोठ्या विमानापेक्षा अधिक असते, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

विमानतळावरची धास्ती वेगळ्या जातीची असते : आपले काही चुकेल आणि चारचौघांत कोणी बोलेल, ही ती धास्ती. तिच्यावर उपाय म्हणजे हाताशी भरपूर वेळ ठेवणे. देशांतर्गत प्रवासासाठी दोन तास आधी पोहोचावे, कारण सामान घेण्याची खिडकी बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद करतात. तिकीट आणि आधार कार्ड एकाच पिशवीत वर ठेवावे. लोणचे, तूप आणि सुरी, कात्री यांसारख्या वस्तू मोठ्या बॅगेत द्याव्यात. मोबाइलची पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच हवी. काडेपेटी आणि लायटर कोठेच चालत नाहीत. मुलाच्या घरी मसाल्यासाठी सुके खोबरे नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण तेलामुळे ते ज्वलनशील मानले जात असल्याने ते घरीच ठेवावे. सुरक्षा तपासणीत मोबाइल, पट्टा आणि पिशवी ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. महिलांची तपासणी आडोशाला महिला कर्मचारी करतात. काही कळले नाही तर सरळ विचारावे. "माझा पहिलाच प्रवास आहे" हे वाक्य तेथे कोणालाही सांगायला संकोच वाटू देऊ नये.

आदल्या रात्री भरीत-भाकरीचे किंवा तर्रीदार शेवभाजीचे पोटभर जेवण टाळावे. यामागे पथ्यापलीकडचे एक कारण आहे. उंचावर विमानाच्या आतला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी, म्हणजे सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो, आणि कमी दाबात पोटातला वायू फुगतो. घाबरलेल्या माणसाला पोटातला तो ताण छातीतला वाटू शकतो. सकाळी चहा एकच कप घ्यावा, कारण चहा-कॉफीने छातीची धडधड वाढते आणि ती धडधड भीतीचीच आहे असे मन धरून बसते. उपाशीपोटी मात्र निघू नये. ज्यांना एसटीत मळमळते त्यांनी, तसेच हृदयविकार, दमा किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता मुख्य भाग. आत बसताच पट्टा लावावा आणि जवळच्या केबिन कर्मचाऱ्याला आपण पहिल्यांदा प्रवास करत आहोत, असे सांगावे. एअरबससारख्या मोठ्या विमानात उड्डाणाआधी पायाखालून करवत चालवल्यासारखा आवाज येऊ शकतो. तो दाबावर चालणाऱ्या यंत्रणेतील पंपाचा असतो. धावपट्टीच्या टोकाशी इंजिनाचा आवाज एकदम वाढतो आणि पाठ आसनाला दाबली जाते. मोठे विमान ताशी २५० ते २८० किलोमीटर वेगाने धावून जमीन सोडते, आणि त्या धावेत वरचे सामानाचे कप्पे खडखडतात. जमीन सुटताच पोटाखालून धप्प असा आवाज येतो, तो चाके आत घेतल्याचा. यानंतरचा क्षण पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला सर्वांत जास्त घाबरवतो. जमिनीपासून साधारण १,००० ते १,५०० फुटांवर वैमानिक इंजिनाचा जोर ठरल्याप्रमाणे कमी करतो, आवाज उतरतो आणि विमान खाली चालले आहे असा भास होतो. माझ्या पहिल्या प्रवासात मला हे कोणी सांगितले नव्हते, आणि ती काही मिनिटे मी आसनाचा हात घट्ट धरून काढली. प्रत्यक्षात विमान तेव्हाही वरच जात असते. आईला मी हा क्षण आधीच सांगून ठेवला होता. तो आला तेव्हा तिने माझ्याकडे पाहून मान हलवली.

हादऱ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आकाशात पोकळ खड्डे असतात आणि त्यांत विमान पडते, असे लोक म्हणतात. तसे काही नसते. हवा सर्वत्र असते, फक्त तिचे प्रवाह वेगवेगळ्या दिशांनी वाहतात आणि पांदीच्या रस्त्यावर बैलगाडी हलते तसे विमान त्यांवरून हलते. शंभर फूट खाली आलो असे वाटते तेव्हा विमान बहुतेक वेळा काही फूटच हललेले असते. प्रवासात येऊ शकेल अशा सर्वाधिक भाराच्या दीडपट भार पेलता येईल, इतका सांगाडा मजबूत ठेवण्याचा नियम आहे. पंखाचे टोक वर-खाली होते ते त्याला तसे लवचिक केलेले असल्यामुळे. एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर विमान सुखरूप उतरू शकते, आणि त्याचा सराव प्रत्येक वैमानिकाकडून वारंवार करून घेतला जातो. हादऱ्यांत इजा होते ती मुख्यतः पट्टा न लावलेल्यांना, म्हणून पट्टा लावा असे सांगणारा डोक्यावरचा दिवा विझला तरी पट्टा सैलसर लावलेलाच ठेवावा.

इतके माहीत असूनही छाती धडधडू शकते, हात थंड पडू शकतात. शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढल्याचा हा परिणाम आहे, आणि त्याचा जोर साधारणपणे दहाएक मिनिटांत ओसरू लागतो. तोपर्यंत श्वास हाताशी आहे. नाकाने चार मोजेपर्यंत आत घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत हळूहळू सोडावा. सोडणे लांबवल्याने हृदयाची गती उतरते. श्वास घाईघाईने मोठा ओढू नये, त्याने चक्कर वाढते. मग मुठी पाच सेकंद घट्ट आवळून सोडाव्यात, आणि तसेच खांदे व पायांचे करावे. आमच्या आईने जप केला, आणि तोही उत्तम उपाय आहे, कारण संथ जपात श्वास आपोआप लांबतो. सोबत बसलेल्याने "घाबरू नकोस" म्हणण्याऐवजी खाली काय दिसते ते विचारावे. जळगाव सोडल्यावर स्वच्छ हवेत विमानाच्या वळणाप्रमाणे तापीचे पात्र किंवा केळीच्या बागांचे हिरवे पट्टे दिसू शकतात, आणि आपला मुलूख ओळखू आला की डोळ्यांना काम मिळते.

उतरण्याची सुरुवात जमिनीला टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी होते आणि कानांना दडे तेव्हाच जास्त बसतात. त्या वेळी झोपू नये. लिमलेटची गोळी चघळत राहावे, वरचेवर आवंढा गिळावा, जांभई द्यावी. तरीही कान मोकळे झाले नाहीत तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून अगदी हलकेच हवा कानांकडे लोटावी. तान्ह्या बाळाला याच वेळी दूध पाजावे. जोराची सर्दी असेल तर प्रवासाआधी डॉक्टरांना दाखवावे. पुढे चाके बाहेर येतानाचा घरघराट, जमिनीला टेकतानाचा धक्का आणि लगेच इंजिनाचा वाढलेला आवाज, ही वेग कमी करण्याची नेहमीची रीत आहे. क्वचित विमान टेकता टेकता पुन्हा वर उचलले जाते. धावपट्टी मोकळी नसेल किंवा वारा बदलला असेल, तर वैमानिक घिरटी घालून परत येतो, आणि तेव्हा पुन्हा चार मोजून श्वास घ्यावा. टेकल्यावर लोक लगेच उठून बॅगा काढू लागतात. आपण पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत बसून राहावे, घरी फोन लावावा आणि मगच सावकाश उभे राहावे.